डॉक्युमेंटेशनची पारख

वेबवरचे पहिले पान वेबविषयीच होते. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर ते ठेवलेले होते. हायपरटेक्स्ट म्हणजे काय, पाने कशी वाचायची, आपला स्वतःचा सर्व्हर कसा उभारायचा, या कामात कोण कोण आहे, अशी माहिती त्यातून मिळत होती. ६ ऑगस्ट १९९१ रोजी बर्नर्स-ली यांनी यूजनेटवरच्या एका चर्चागटात या प्रकल्पाची जाहीर ओळख करून दिली. बातम्या, दुकाने, चित्रपट, बँका हे सारे वेबवर नंतर आले. सर्वांच्या आधी आले ते डॉक्युमेंटेशन.

त्याच वर्षी बर्नर्स-ली यांनी एचटीएमएलच्या टॅगांचे एक टिपण लिहिले. त्या सुरुवातीच्या आराखड्यात १८ टॅग होते. कोणीही ते एका बैठकीत वाचून लक्षात ठेवू शकला असता. आज एचटीएमएलमध्ये शंभराहून अधिक टॅग आहेत, सीएसएसमध्ये शेकडो गुणधर्म आहेत आणि जावास्क्रिप्टचा पसारा त्याहून मोठा आहे. हे सगळे पाठ असलेला माणूस जगात नाही. पुण्यात, बंगळुरूत किंवा बर्लिनमध्ये बसलेला प्रोग्रॅमर दिवसातून कितीतरी वेळा हातातले काम थांबवून कुठले तरी पान उघडतो, दोन मिनिटे वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून पुढची ओळ लिहितो. ती ओळ नंतर बँकेच्या खात्यात, तिकिटांच्या आरक्षणात, रुग्णालयाच्या नोंदींत चालते. वाचलेले पान बरोबर होते की नव्हते, याचे परिणाम ज्याने ते कधी पाहिलेही नाही अशा माणसाला भोगावे लागतात.

म्हणून अशा पानाची प्रत ठरवायची कशी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मजकूर सोपा आहे का, उदाहरणे आहेत का, मांडणी नेटकी आहे का, हे पाहावेच. पण माझ्या मते खरा कस एकाच ठिकाणी लागतो: आपले सांगणे कुठे लागू होत नाही, कुठे फसते आणि कोणत्या काळापुरते खरे आहे, हे ते पान स्वतःहून सांगते का?

वेबविषयीचे लिखाण ढोबळमानाने तीन जागी सापडते. या तिन्हींची गल्लत झाली की पारखही चुकते. पहिली जागा मानकांची. एचटीएमएलचे मानक व्हॉटडब्ल्यूजी हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा गट सांभाळतो, तर जावास्क्रिप्टचे मानक एक्मा या संस्थेची टीसी-३९ ही समिती. हे मजकूर मुख्यतः ब्राउझर बांधणाऱ्यांसाठी असतात आणि पायरीपायरीने आज्ञा देत जातात. अचूकतेत त्यांना तोड नाही, पण संध्याकाळपर्यंत एक पान पूर्ण करायचे असलेल्या माणसाला त्यातून उत्तर काढायला फार वेळ लागतो. शिवाय काय व्हायला हवे ते मानक सांगते. अमुक ब्राउझरच्या अमुक आवृत्तीत प्रत्यक्ष काय होते ते सांगणे हे त्याचे काम नाही. दुसरी जागा संदर्भपानांची, जिथे प्रत्येक टॅग, गुणधर्म किंवा फंक्शनला स्वतंत्र पान असते. तिसरी जागा ट्युटोरियलची, जिथे नवशिक्याला हाताला धरून काहीतरी घडवून दाखवले जाते. या लेखाचा भर दुसऱ्या जागेवर आहे, कारण प्रोग्रॅमरचा बहुतेक वेळ तिथेच जातो.

पहिली कसोटी, आपले सांगणे कुठे लागू होत नाही ते सांगण्याची. एक साधे उदाहरण घेऊन पाहू. जावास्क्रिप्टमध्ये यादी क्रमाने लावून देणारे सॉर्ट नावाचे फंक्शन आहे. त्याला १, ३०, ४, २१ आणि १००००० हे आकडे दिले, की उत्तर येते: १, १०००००, २१, ३०, ४. संगणक बिघडलेला नसतो. वेगळे काही सांगितले नसेल तर सॉर्ट प्रत्येक आकड्याचे आधी अक्षरमालेत रूपांतर करते आणि मग पहिल्या अक्षरापासून तुलना करते. म्हणून १ ने सुरू होणारा एक लाख २१ च्या आधी जातो. ज्या पानावर 'सॉर्ट यादी चढत्या क्रमाने लावते' एवढेच वाक्य असते, ते पान खोटे बोलत नाही, पण वाचणाऱ्याला खड्ड्यात नेते. मोझिलाच्या पुढाकाराने चालणाऱ्या एमडीएन या संदर्भकोशात सॉर्टचे पान उघडले, तर वर सांगितलेले हेच पाच आकडे उदाहरणाच्या चौकटीत दिसतात. फंक्शन जिथे माणसाच्या अपेक्षेविरुद्ध वागते, तीच जागा सर्वांत आधी दाखवायची, असा निर्णय ते पान लिहिणाऱ्यांनी घेतला आहे.

त्याच पानात खाली उतरले की आणखी काही सापडते. सॉर्ट नवी यादी बनवत नाही, मूळ यादीच बदलते. मूळ यादी जशीच्या तशी ठेवायची असेल तर २०२३ च्या मानकात आलेले टू-सॉर्टेड वापरावे. पुढचा मुद्दा स्थिरतेचा आहे. विद्यार्थ्यांची यादी आधीच नावांप्रमाणे लावलेली असेल आणि आता ती गुणांप्रमाणे लावली, तर समान गुणांच्या मुलांचा आपसातला नावांचा क्रम टिकतो का? २०१९ पासून मानकानुसार तो टिकलाच पाहिजे. त्याआधी तशी हमी नव्हती. क्रोमच्या जुन्या इंजिनात १० पर्यंत नोंदींच्या यादीसाठी एक पद्धत वापरली जाई आणि त्याहून मोठ्या यादीसाठी दुसरी. पहिलीत क्रम टिके, दुसरीत टिकेल याची खात्री नसे. २०१८ च्या क्रोम ७० पासून हा फरक गेला. म्हणजे त्याआधी पाच नावे घेऊन चाचणी करणाऱ्याला सगळे ठीक दिसले असते आणि खऱ्या वर्गाच्या चाळीस नावांवर गोंधळ उडाला असता. असे दोष छोट्या प्रयोगातून सापडत नाहीत. ते फक्त कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच कळतात, आणि डॉक्युमेंटेशनची खरी गरज इथे दिसते.

मराठी वाचकासाठी याच पानात आणखी एक सूचना दडलेली आहे. तिथे म्हटले आहे की अक्षरांची तुलना यूटीएफ-१६ या संकेतप्रणालीतल्या क्रमांकांनुसार होते. या प्रणालीत ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. आपण शाळेत शिकलो त्या वर्णमालेत मात्र ळ येतो ह नंतर आणि त्याच्याही पुढे क्ष आणि ज्ञ. संगणकाच्या लेखी क्ष हे स्वतंत्र अक्षरच नाही. तो क, हलन्त आणि ष असा साठवला जातो. त्यामुळे नुसते सॉर्ट वापरले की क्षमा ही क च्या सगळ्या मुलींनंतर पण ख च्या आधी उभी राहते आणि ज्ञानेश ज्योतीच्याही आधी. भाषेनुसार क्रम हवा असेल तर लोकेल-कम्पेअर किंवा कोलेटर ही वेगळी साधने वापरायची असतात. इंग्रजी नावांवर काम करणाऱ्याला ही सूचना किरकोळ वाटेल. हजेरीपट, मतदारयादी किंवा ग्रंथालयाची सूची बनवणाऱ्या मराठी प्रोग्रॅमरला मात्र तिच्यावाचून चालणार नाही.

दुसरी कसोटी अपयशाची. सर्व्हरकडून माहिती मागवण्यासाठी फेच नावाचे फंक्शन वापरतात. बहुतेक ट्युटोरियलांत ते दोन ओळींत शिकवले जाते: मागवा, आणि मिळाल्यावर वापरा. पण सर्व्हरने 'पान सापडले नाही' असे सांगणारे ४०४ चे उत्तर दिले, तर फेच ते अपयश मानत नाही. उत्तर तर आले, एवढ्यावर ते समाधानी असते. नेटवर्क तुटण्यासारख्या कारणाने मागणीच पूर्ण झाली नाही, तरच ते तक्रार करते. म्हणून उत्तर हातात आल्यावर ते ठीक आहे ना, हे प्रोग्रॅमरला वेगळे तपासावे लागते. एमडीएनच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे. एखाद्या अनोळखी स्रोताची प्रत दोन मिनिटांत जोखायची असेल, तर त्यातले फेचचे पान उघडून ४०४ चा उल्लेख आहे का ते पाहावे, असे मी सुचवेन.

तारखांचे प्रकरण तर खास आपल्या प्रोग्रॅमरांना सांगण्याजोगे आहे. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली, समजा २०२४-०१-१५, तर ती जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र धरली जाते. तारखेसोबत वेळही दिली आणि कालविभाग दिला नाही, तर तीच स्थानिक वेळ धरली जाते. पुण्यातल्या संगणकावर पहिल्या प्रकाराचा अर्थ होतो १५ जानेवारीची पहाट, साडेपाच वाजता. तारीख बरोबर दिसते, कोणाला काही खटकत नाही. तोच कोड न्यू जर्सीत चालला की होते १४ जानेवारीची संध्याकाळ, सात वाजता. अमेरिकी ग्राहकांसाठी भारतात बसून काम करणाऱ्या हजारो लोकांच्या बाबतीत हा दोष जिथे कोड लिहिला तिथे कधीच दिसत नाही. जे पान हा भेद सांगत नाही ते कितीही सुबक असले तरी अपुरे आहे.

ही पाने लिहितो कोण? याचा इतिहास मला वेबच्या तंत्राइतकाच थक्क करणारा वाटतो. नव्वदच्या दशकात नेटस्केप या ब्राउझर कंपनीने डेव्हएज नावाचे संकेतस्थळ चालवले होते. जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ मध्ये नेटस्केपमध्येच झाला, त्यामुळे तिचे मूळ डॉक्युमेंटेशनही तिथेच होते. पुढे नेटस्केप एओएल या कंपनीच्या मालकीची झाली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये एओएलने डेव्हएज बंद केले. जगभरच्या लोकांचा रोजचा संदर्भ एका व्यावसायिक निर्णयाने नाहीसा झाला. मोझिला फाउंडेशनने एओएलशी बोलणी करून तो मजकूर पुन्हा वापरण्याची परवानगी मिळवली आणि २००५ मध्ये मोझिला डेव्हलपर सेंटर सुरू झाले. आज एमडीएन म्हणतात ते हेच. सुरुवातीपासून ते विकीच्या रूपात होते; खाते उघडून कोणीही पान सुधारू शकत असे.

स्पर्धक कंपन्यांनी स्वतःचे कोश चालूच ठेवले होते. मायक्रोसॉफ्टचा एमएसडीएन हा त्यांतला सर्वांत मोठा. २०१२ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानक-संस्थेने गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, अडोबी, फेसबुक, मोझिला, ऑपेरा अशा सगळ्यांना एकत्र आणून वेब प्लॅटफॉर्म डॉक्स हा सामायिक कोश जाहीर केला. नावे मोठी होती, पण तीन वर्षांत तो थांबला. जे घडायला हवे होते ते नंतर, कमी गाजावाजात घडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग आणि डब्ल्यूथ्रीसी यांनी एमडीएनला पाठिंबा जाहीर केला आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या कोशातली साडेसात हजारांहून अधिक पाने एमडीएनकडे वळवली. ब्राउझरच्या बाजारात एकमेकांशी हाडवैर असलेल्या कंपन्यांनी आपले ग्राहक स्पर्धकाच्या संदर्भकोशाकडे पाठवावेत, ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासात फार दुर्मिळ आहे. कोश सामायिक झाल्याने एका कंपनीच्या ब्राउझरची बाजू घेण्याची सोय कोणालाच उरली नाही, आणि माझ्या मते एमडीएनच्या विश्वासार्हतेचे हे एक मोठे कारण आहे.

मग ऑगस्ट २०२० आला. मोझिलाने सुमारे २५० कर्मचारी कमी केले आणि त्यात एमडीएनचे लेखकही होते. या कोशाचे काय होणार, अशी चिंता सगळीकडे पसरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सगळा मजकूर विकीतून काढून गिटहब या कोड-साठवणुकीच्या स्थळावर नेण्यात आला. आता थेट बदल करता येत नाही. बदल सुचवावा लागतो, दुसरा कोणीतरी तो तपासतो, चर्चा होते आणि मगच तो पानावर येतो. जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स ही संस्था उभी राहिली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, इगालिया आणि कॉइल यांच्या आर्थिक पाठबळावर तिने लेखक नेमले, आणि ते एमडीएनसाठी पूर्ण वेळ लिहू लागले. आज एमडीएनच्या कोणत्याही पानाच्या तळाशी ते शेवटचे कधी बदलले याची तारीख असते, ते कोणी बदलले हे पाहण्याची वाट असते आणि चूक कळवण्याचा दुवा असतो. मला विचाराल तर पानाची प्रत पाहताना मजकुराआधी मी हा तळ पाहीन.

चूक कळवण्याची वाट किती महत्त्वाची, हे डब्ल्यूथ्रीस्कूल्सच्या गोष्टीतून दिसते. नॉर्वेतल्या एका कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ नवशिक्यांत प्रचंड लोकप्रिय आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एचटीएमएलची पहिली ओळख अनेकांना इथेच होते. नावात साम्य असले तरी डब्ल्यूथ्रीसीशी त्याचा संबंध नाही. २०११ मध्ये काही नामवंत वेब प्रोग्रॅमरांनी डब्ल्यूथ्रीफूल्स या नावाने त्याच्या चुकांची जाहीर यादी लावली: कालबाह्य सल्ले, सुरक्षेकडे दुर्लक्ष, चुकीची विधाने. यादी बोचरी होती, पण उपयोगी ठरली. पुढच्या काळात त्यातल्या कितीतरी चुका दुरुस्त झाल्या आणि टीका करणाऱ्यांनीही आपला सूर नंतर मवाळ केला. म्हणून 'अमुक स्थळ वाईट' असा कायमचा शिक्का मारणे मला पटत नाही. तेच स्थळ २०१० मध्ये धोकादायक आणि काही वर्षांनी पुरेसे बरे असू शकते, तसेच उलटही. पारख दर वेळी त्या पानाची आणि त्या दिवसाची करावी.

चुकीच्या पानाचा धोका किती दूरवर पोचतो, याचे मोजमाप झालेले आहे. पीएचपी या भाषेत डेटाबेसला प्रश्न विचारताना वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट प्रश्नाच्या वाक्यात जोडला, तर खोडसाळ माणूस त्या जागी डेटाबेसची आज्ञाच लिहू शकतो. नावाच्या चौकटीत नाव न लिहिता त्याने आज्ञेचा तुकडा लिहिला, की डेटाबेस ती मुकाट पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपायही जुना आहे: वाक्याचा साचा आधी पाठवायचा आणि मजकूर वेगळा. २०१७ मध्ये टॉमी उनरुह, भार्गव शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधयंत्रात वर येणाऱ्या पीएचपी ट्युटोरियलांमधले असे सदोष नमुने गोळा केले आणि गिटहबवरच्या ६४,४१५ प्रकल्पांत त्यांच्याशी जुळणारा कोड शोधला. ट्युटोरियलांशी ठळक साम्य असलेल्या ११७ सुरक्षा-त्रुटी त्यांना सापडल्या. शिकवण्याच्या सोयीसाठी कोणीतरी गाळलेली एक ओळ अशी अनोळखी माणसांच्या प्रकल्पांत जाऊन बसली होती.

पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलने या बाबतीत जे केले ते मला आदर्श वाटते. डेटाबेसची जुनी फंक्शने २०१३ च्या ५.५ या आवृत्तीत निवृत्तीच्या वाटेवर टाकली गेली आणि २०१५ अखेरीस आलेल्या ७.० मधून काढून टाकली गेली. पण मॅन्युअलमधली त्यांची पाने काढली नाहीत. ती आजही उघडतात, आणि सर्वांत वर इशाऱ्याची चौकट दिसते: हे फंक्शन अमुक आवृत्तीत नाहीसे झाले, त्याऐवजी ही दोन साधने वापरा. जुना कोड सांभाळणाऱ्याला तो काय करतो हे कळायला हवे आणि नवा कोड लिहिणाऱ्याला त्यापासून दूर ठेवायला हवे. एकाच पानाने दोन्ही साधले आहे. एमडी-५ या हॅश काढणाऱ्या फंक्शनच्या पानावरही पासवर्ड साठवायला हे वापरू नका असा इशारा आहे. त्याच मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाखाली वापरकर्त्यांनी लिहिलेल्या टिपा असतात. काही टिपा मूळ मजकुराहून मोलाच्या आहेत, काही वीस वर्षांपूर्वीच्या आणि आता चुकीच्या. प्रत्येकीसोबत ती किती जुनी आहे ते लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याने ते पाहायलाच हवे.

अधिकृत म्हणजे पुरेसे, असे मात्र नाही. २०१६ मध्ये यासेमिन अचार आणि सहकाऱ्यांनी ५४ अँड्रॉइड प्रोग्रॅमरांना सुरक्षेशी निगडित कामे दिली. एका गटाला फक्त अधिकृत डॉक्युमेंटेशन दिले, एकाला फक्त स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे स्थळ, एकाला पुस्तके आणि एकाला मोकळीक. स्टॅक ओव्हरफ्लो वाचणाऱ्यांचा कोड जास्त वेळा चालला, पण कमी सुरक्षित निघाला. अधिकृत पाने वाचणाऱ्यांचा कोड सुरक्षित होता, पण तो चालवण्यात ते जास्त वेळा अडले. हा प्रयोग वेबवरचा नसला तरी निष्कर्ष इथेही विचार करायला लावतो. खबरदारीचे सगळे इशारे देणारे पान वाचून माणसाला काम पूर्णच करता येत नसेल, तर तो उठून दुसरीकडे जाणार, आणि दुसरीकडे इशारे नसतील.

गियास उद्दिन आणि मार्टिन रोबिलार्ड यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आयबीएममधल्या व्यावसायिकांना डॉक्युमेंटेशनमधले सर्वांत त्रासदायक दोष विचारले होते. दिसण्याच्या, मांडणीच्या तक्रारी होत्याच. पण काम खरोखर अडवणारे दोष निघाले संदिग्धता, अपुरेपणा आणि चूक. सुंदर रंगसंगती यातल्या कशाचीही भरपाई करत नाही. मांडणीबद्दल डॅनिएले प्रोचिदा यांनी केलेली विभागणी उपयोगी आहे. ते म्हणतात, शिकवणारा धडा, कामाची कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण हे चार वेगळे लेखनप्रकार आहेत आणि ते एका पानात कालवू नयेत. पायथनवर चालणाऱ्या जँगो या वेब-चौकटीचे डॉक्युमेंटेशन याच धर्तीवर रचलेले आहे आणि वाचताना ते जाणवते.

काळाची कसोटी मी शेवटी ठेवली, कारण तिच्यावर सर्वांत जास्त मेहनत झाली आहे. वेबची कोणतीही सोय एका दिवशी सगळीकडे येत नाही. ती आज क्रोममध्ये येते, चार महिन्यांनी फायरफॉक्समध्ये, वर्षाने सफारीत. पूर्वी एमडीएनच्या प्रत्येक पानावर याचा तक्ता हाताने भरला जाई आणि लवकर शिळा होई. २०१७ च्या सुमारास हे सगळे तक्ते पानांतून काढून एका सामायिक, यंत्राला वाचता येईल अशा माहितीसाठ्यात नेण्याचे काम सुरू झाले. आता एक नोंद सुधारली की ती लागू असलेली सगळी पाने सुधारतात. कॅन आय यूज हे लोकप्रिय स्थळही हा साठा वापरते. ब्राउझरांत चाचण्या आपोआप चालवून या साठ्यातली माहिती पडताळणारे साधनही बनवले गेले आहे. म्हणजे हा तक्ता कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहिलेला नाही. २०२३ पासून त्याच्या आधारे बेसलाइनचा शिक्का पानाच्या माथ्यावर दिसू लागला: सगळ्या प्रमुख ब्राउझरांत एखादी सोय आली की 'नव्याने उपलब्ध', आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते, तितक्याच सरळपणे पानावर काळ छापला जाऊ लागला.

त्याच वर्षी एमडीएननेच एक प्रयोग करून पाहिला. पानांवरच्या कोडशेजारी एक बटण आले. ते दाबले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल तो कोड समजावून सांगे. काही समजावण्या ठाम स्वरात चुकीच्या होत्या. पाने वर्षानुवर्षे तपासत आलेल्या लोकांनी उदाहरणांसह जोरदार आक्षेप घेतले आणि काही दिवसांतच ते बटण मागे घेण्यात आले. तंत्रज्ञान पुढे सुधारेल, त्यावर माझा आक्षेप नाही. पण तपासलेल्या मजकुराशेजारी न तपासलेला मजकूर एकाच चौकटीत मांडला की वाचकाला दोन्ही सारखेच भरवशाचे वाटतात. त्या आक्षेपांच्या मुळाशी हेच होते, आणि मला ते पूर्ण पटते.

राहिला मराठीचा प्रश्न. एमडीएन फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, रशियन, पोर्तुगीज अशा भाषांत वाचता येते. मराठीत येत नाही. २०२१ मध्ये, ज्या भाषांची भाषांतरे सांभाळायला स्वयंसेवकांचा गट नव्हता त्या भाषा एमडीएनने सरळ बंद केल्या. त्यात जर्मनही होती. मजकूर काढून टाकणे कठोर वाटते, पण पाच वर्षांपूर्वीचे सुरक्षाविषयक भाषांतर आजचे म्हणून वाचले जाण्यापेक्षा ते नसणे बरे, हा निर्णय मला योग्य वाटतो. जर्मन २०२४ मध्ये यंत्रभाषांतराच्या रूपाने, प्रयोग असे स्पष्ट लिहून, परत आली. मराठीसाठी आधी सांभाळणारी माणसे हवीत, पाने नंतर.

तोपर्यंत मराठी प्रोग्रॅमरला हातभार लावता येईल अशी जागा मूळ इंग्रजी पानांतच आहे. 'मराठी' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर उत्तर येते ५, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी हे वेगळे मोजले जातात. आपल्याला अपेक्षित असलेले ३ हे उत्तर सेगमेंटर या साधनाने मिळते, आणि एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये ते आल्यावर सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ते उपलब्ध झाले. जोडाक्षरांचे काम आणखी नाजूक आहे: २०२३ मध्ये युनिकोड १५.१ ने देवनागरीतली जोडाक्षरे एकसंध मोजण्याचा नियम आणला, त्यामुळे 'क्ष' एक की दोन याचे उत्तर ब्राउझर किती जुना यावर बदलू शकते. नावाच्या रकान्यात किती अक्षरे मावतात हे मराठी माणसाला सांगणाऱ्या प्रत्येक फॉर्मशी याचा संबंध आहे. देवनागरीतले चाचणी केलेले उदाहरण, कोणत्या ब्राउझरमध्ये काय उत्तर आले त्या नोंदीसह, बदलाची सूचना म्हणून कोणालाही पाठवता येते. सॉर्टच्या पानासाठी ळ आणि ज्ञ चे उदाहरणही तसेच.